एसी रस्त्यावर गार, नाक्यावर कोमट: कॉम्प्रेसर बदलण्याआधी काय तपासावं

गुहागरजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. 2010 ची पेट्रोल हॅचबॅक, अंगणात उघड्यावर उभी असते, समुद्र हाकेच्या अंतरावर. मार्चमध्ये एसीचा गॅस भरून घेतला आणि मे निम्मा सरेपर्यंत गारवा गेला. हायवेला गाडी पळत असली की बऱ्यापैकी थंड लागतं, पण चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर गर्दीत अडकलं की कोमट हवा यायला लागते. एका गॅरेजने सांगितलं, गॅस परत भरा. दुसऱ्याने सांगितलं, कॉम्प्रेसर गेलाय, 18 हजार धरून चाला. एवढ्या जुन्या गाडीवर हा खर्च करावा की गाडी काढून टाकावी, असं ते विचारतायत.

मी कुडाळ-सावंतवाडी भागात गाड्यांच्या एसीचंच काम करतो आणि अशी गाडी उन्हाळाभर दारात येत असते. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पहिली, भरलेला गॅस दोन-अडीच महिन्यांत गेला. दुसरी, गाडी उभी राहिली की गारवा जातो. पहिलीचा अर्थ गळती. दुसरीचा अर्थ बहुतेक वेळा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरसारखा भाग) किंवा त्याचा पंखा. समुद्रालगतच्या गाडीत दोन्हींचं मूळ एकाच जागी निघण्याची शक्यता मोठी असते: पुढच्या जाळीमागचा, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला कंडेन्सर. गाडी न बघता मी खात्री देऊ शकत नाही. पण गेज (गॅसचा दाब मोजायची घड्याळं) न लावता कॉम्प्रेसर गेला असं सांगणाऱ्यालाही ती खात्री नसते, म्हणून 18 हजार आत्ताच मोजू नका.

एक गोष्ट पक्की धरा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना एकदम गार पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतल्या हवेची उष्णता घेऊन परत कॉम्प्रेसरकडे येतो. जुन्या गाडीत रबरी होज आणि ओ-रिंगमधून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, त्यामुळे चार-पाच वर्षांनी एकदा भरावा लागला तर मी त्याला दोष म्हणत नाही. दरवर्षी भरावा लागणं हा दोष आहे. दोन महिन्यांत जाणं म्हणजे गळती चांगली मोठी आहे आणि मोठी गळती शोधायला सोपी असते, हा त्यातला तुमचा फायदा.

आता आपल्या हवेबद्दल, कारण हे समजलं नाही तर चांगला एसीसुद्धा बिघडलाय असं वाटत राहतं. बाहेर 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना ती हवा 10 अंशांपर्यंत उतरवायची, तर एसीच्या एकूण कामातलं निम्म्याहून जास्त काम हवेतली वाफ पाणी करून काढण्यात जातं. नुसतं तापमान उतरवायला उरतं ते त्याहून कमी. कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे गेलं की तीच गाडी एकदम गार लागते, त्यामागे हे कारण आहे. म्हणून किनारपट्टीवर आतली हवा आतच फिरवणारं बटण, रिसर्क्युलेशन, दाबलेलं असणं फार महत्त्वाचं. बाहेरची हवा चालू ठेवली की प्रत्येक श्वासाला नवं पाणी काढायचं काम एसीवर पडतं. तापलेल्या गाडीत बसल्यावर दोन-तीन मिनिटं काचा खाली करून कोंडलेली उष्णता जाऊ द्या, मग काचा वर घेऊन ते बटण दाबा. बटण दाबूनही आतला पडदा खरोखर फिरतो का तेही बघा. चालू-बंद करताना ब्लोअरचा आवाज बदलला पाहिजे. बदलत नसेल तर पडदा किंवा त्याची केबल अडकली आहे आणि नव्या कॉम्प्रेसरनेही गाडी गार होणार नाही.

घरच्या घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. स्वयंपाकघरातलं किंवा दुकानात मिळतं ते साधं डिजिटल थर्मामीटर मधल्या झोतात खोचा. सावलीत गाडी, दारं-काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर दोनवर, एसी पूर्ण. दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर धरायला सांगा. दहा मिनिटांनी झोत 8 ते 12 अंशांत असेल तर आपल्या दमट हवेत आणि या वयाच्या गाडीत मी त्याला चांगलं म्हणतो. 15-16 च्या वर राहिला तर एसी कमजोर आहे. मग ॲक्सिलरेटर सोडा आणि पाच मिनिटं नुसत्या आयडलवर बघा. तुमच्या वर्णनावरून इथे आकडा भराभर चढेल असं वाटतं.

तो चढत असतानाच पुढची चाचणी करा, कारण पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त माहिती हीच देते. नळीने किंवा कळशीने साधं पाणी पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू सोडा, मिनिटभर, दोन मिनिटं. जोराचा फवारा नको. पंख्याच्या वायरिंगवर आणि इंजिनावर पाणी उडवू नका. कंडेन्सरवर पाणी पडल्याबरोबर आतला झोत चार-पाच अंशांनी उतरला, तर कॉम्प्रेसर दाब देतोय, गॅसही काही प्रमाणात आहे आणि अडचण उष्णता बाहेर टाकण्यात आहे. गाडी पळताना समोरचा वारा हेच काम करतो, म्हणून हायवेला तुम्हाला गार लागतं. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर गॅस फारच उतरलाय किंवा दोष दुसरीकडे आहे.

पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात सुरू होतो. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की तो फिरतो, पण ओढ नसते. वर्तमानपत्राचं एक पान जाळीसमोर धरा, ते ओढलं जाऊन चिकटलं पाहिजे. नुसतं हललं तर पंखा कमजोर आहे. दोन वेगांचा पंखा असेल तर रिले किंवा रेझिस्टर जाऊन तो एकाच वेगावर अडकलेलाही सापडतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर अपघाताच्या कामात काढून परत बसवलेलं नसतं, असंही होतं. मग पंखा इंजिनाचीच गरम हवा परत ओढतो.

कंडेन्सर नीट बघायचा तर टॉर्च घेऊन खाली वाकायला लागेल. वरच्या ओळी चांगल्या दिसतात, खराबी खालच्या चार-सहा ओळींत असते, कारण चाकांनी उडवलेलं पाणी आणि खारट ओल तिथे टिकते. ॲल्युमिनियमच्या बारीक फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, पांढरट पडलेल्या असतात, बोटाने हलकं दाबलं की पिठासारख्या झडतात. नळी फुटलेली नसली तरी फिन नळीपासून सुटली की उष्णता वाऱ्यात जाणार कशी? त्याच जागी तेलकट काळपट डाग दिसला, त्यावर धूळ चिकटून बसलेली असली, तर गळतीही तिथेच आहे, कारण गॅस बाहेर पडताना थोडं कॉम्प्रेसरचं तेल सोबत आणतो. दुसरी जागा कोणी बघत नाही: कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ, आंब्याचा मोहर, किडे, वाळका पाला असा सगळा थर तिथे नमद्यासारखा जमतो. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागे हवा जायला वाटच नसते. वरचे दोन ब्रॅकेट सोडून रेडिएटर थोडा मागे घेता आला, तर तो थर हाताने निघतो. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, कमी दाबाने. कार वॉशच्या प्रेशर पंपाने फिन आडव्या पडतात आणि मग दुरुस्ती नाहीच.

फिन शाबूत असतील तर धुऊन काम भागतं. झडत असतील तर कंडेन्सर बदलावा, त्यावर वेल्डिंग किंवा लेप लावून घेऊ नये. समुद्राजवळ असा जोड एक पावसाळाही धड काढत नाही.

आता गेजबद्दल. मेकॅनिक दोन घड्याळं लावेल, निळं लो साइडचं (कमी दाबाची बाजू), लाल हाय साइडचं (जास्त दाबाची बाजू). इंजिन बंद असताना दोन्ही सारखं दाखवतात आणि 30 अंशांना आर-134ए चा, म्हणजे गाडीच्या एसीतल्या गॅसचा, दाब 97 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतो. त्यावरून 'गॅस फुल आहे' असं कोणी म्हटलं तर मानू नका. आत थोडा जरी द्रव गॅस उरला असेल तरी दाब तेवढाच दिसतो, कारण तो तापमानावर ठरतो, किती ग्रॅम आहे त्यावर नाही. खरं चित्र एसी चालू असताना दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात साधारण लो 35 ते 50 आणि हाय 200 ते 250 असेल तर मी पुढे जातो. दोन्ही उतरलेले असतील तर गॅस कमी. दोन्ही चढलेले असतील तर कंडेन्सरला हवा कमी मिळतेय, किंवा गॅस गरजेपेक्षा जास्त भरलाय, किंवा वॅक्यूम न करता, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून न घेता, भरल्यामुळे आत हवा राहिली आहे. लो चढलेला आणि हाय उतरलेला, इंजिनच्या फेऱ्या वाढवूनही दोघांतलं अंतर वाढत नाही, तेव्हा कुठे मी कॉम्प्रेसरकडे बोट दाखवतो, आणि तेही एक्सपान्शन व्हॉल्व्ह उघडा अडकलेला नाही ना हे बघून. लो जवळजवळ शून्यावर किंवा त्याखाली गेला तर व्हॉल्व्ह किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) तुंबलाय. काही गाड्यांत कमी-जास्त होणारा कॉम्प्रेसर असतो, तिथे हे आकडे थोडे वेगळे वाचावे लागतात, पण तुमच्या वयाच्या छोट्या गाडीत बहुतेक साधा, इंजिनाच्या पट्ट्याला क्लचने जोडला-सुटला जाणारा असतो.

कॉम्प्रेसर न बदलता सुटणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. क्लचची फट झिजून वाढली की इंजिन तापल्यावर क्लच पकडत नाही. एसी अर्धा तास चालून अचानक बंद पडल्यासारखा होतो, गाडी थंड झाली की परत चालतो. शिम (फटीतली पातळ चकती) काढून फट नीट करता येते. हायवेला तासाभराने झोतच कमी होत गेला आणि एसी पाच मिनिटं बंद ठेवल्यावर परत सुरू झाला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तिथे सेन्सर किंवा कमी गॅस बघायचा. आणि कोकणात हीटर कोणी कधी लावत नाही, म्हणून त्याची केबल गंजून अर्धवट उघडी अडकते. मग गार हवेत गरम हवा मिसळत राहते. झोतातून काळ्या स्पंजचे तुकडे येत असतील तर हीटरच्या पडद्यावरचा फोम झडलाय हे नक्की.

गळती शोधायचं काम मी नायट्रोजनने करतो. गॅस काढून घेऊन नळ्यांत 150 पीएसआयच्या आसपास नायट्रोजन भरायचा आणि साबणाच्या फेसाने एकेक जोड बघायचा. आधी भरायच्या दोन व्हॉल्व्हच्या पिना, कारण टोपणं हरवलेली असतात आणि खारी हवा थेट पिनेवर बसते. काही रुपयांची पिन बदलून गळती थांबलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. मग कंडेन्सरचा तळ, होजचे क्रिम्प केलेले जोड, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील. नुसता वॅक्यूम धरून ठेवतो म्हणजे गळती नाही, असं गॅरेजमध्ये सांगतात. वॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा, म्हणजे 15 पीएसआयपेक्षाही कमी दाब असतो आणि एसी चालताना आतून बाहेर 200 च्या वर. बारीक भोक वॅक्यूममध्ये गप्प बसतं.

बाहेर कुठेच सापडलं नाही तर शंका कूलिंग कॉइलवर जाते. आंबा-फणसाखाली उभ्या गाडीत वायपरखालच्या जाळीतून पाला आत जातो. तुमच्या गाडीला केबिन फिल्टर नसेल तर तो थेट कॉइलवर बसतो, ओला राहतो, कुजतो आणि ॲल्युमिनियमला खातो. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीतून फेस वर येतो का, किंवा तिथे तेलकटपणा आहे का हे बघायचं. दमट दिवशी एसी दहा मिनिटं चालूनही गाडीखाली पाणी टपकत नसेल आणि डावीकडच्या पायाखालची मॅट ओली असेल, तर ती नळी तुंबली आहे. वाकड्या मऊ वायरने ती मोकळी होते. कॉइल मात्र बदलायची झाली तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी सुट्या भागाच्या बरोबरीला येते. म्हणून कॉइलचं निदान पक्कं झाल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू देऊ नका.

आतापर्यंतचा क्रम एकदा मांडतो: रिसर्क्युलेशन आणि हीटरचा पडदा, पंखा, पाण्याची चाचणी, कंडेन्सर डोळ्यांनी, मग चालू एसीवर दोन्ही गेज, मग नायट्रोजन. पहिल्या चार गोष्टींना खर्च जवळजवळ नाही.

दुरुस्ती करताना काही बाबतींत मी अजिबात तडजोड करत नाही. सिस्टीम उघडली की रिसीव्हर ड्रायर नवा, कारण त्यातले ओल शोषणारे दाणे आपल्या हवेत लवकर भरतात. बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरसोबतच येतो. जोड सोडले त्या सगळ्या ओ-रिंग नव्या, तेल लावून. कॉम्प्रेसरचं पीएजी तेल स्वतःच ओल खेचतं, म्हणून अर्धा उघडा राहिलेला डबा वापरू देऊ नका, लहान सीलबंद डबाच आणा. वॅक्यूम निदान 45 मिनिटं, पावसाळ्यात त्याहून जास्त. आत राहिलेलं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं आणि एसी थांबत-थांबत चालतो. गॅस काट्यावर मोजून भरायचा. बॉनेटच्या आत स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाडीत साधारण 350 ते 500. अंदाजाने, नळीला हात लावून भरलेला गॅस हमखास कमी किंवा जास्त होतो, आणि 50 ग्रॅम जास्त झाला तरी नाक्यावरचा गारवा जातो.

गॅसचा कॅन सीलबंद आणि आर-134ए असं नाव असलेला तुमच्या समोर फोडायला सांगा. स्वस्तात मिळणाऱ्या काही कॅनमध्ये एलपीजीसारखा पेटणारा गॅस मिसळलेला असतो. डॅशबोर्डमागे गळती आणि आत माणसं बसलेली, हा धोका कोणी घेऊ नये. गळती बंद करणारं द्रव्य आत ओततात तेही टाळा, ते व्हॉल्व्ह आणि ड्रायर तुंबवतं आणि पुढच्या मेकॅनिकच्या मशीनलाही. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्याला तसं करू देऊ नका. हवामान तापवण्यात एक किलो आर-134ए हा एक किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त ताकदीचा आहे. तो मशीनने काढून घेता येतो.

आणि कॉम्प्रेसर खरोखरच गेलेला निघाला तर? तर एकटा कॉम्प्रेसर बदलून घेऊ नका. आतून झिजलेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा कंडेन्सरच्या बारीक वाटांत बसतो, तो धुऊन निघत नाही आणि नव्या कॉम्प्रेसरला मारतो. त्या वेळी कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळं सोबत धरावं लागेल आणि 18 हजारांत ते बसेलच असं नाही. गाडी काढायचा विचार मी फक्त तेव्हा करेन, तोही इंजिन आणि खालचा पत्रा बघून. समुद्राजवळच्या 2010 च्या गाडीत एसीपेक्षा तळाचा गंज आधी बघावा. पत्रा चांगला असेल आणि फक्त कंडेन्सर, ड्रायर, पिना आणि पंख्याची मोटर एवढंच निघालं, तर मी बिनधास्त दुरुस्त करीन. पुढे उघड्यावरची गाडी पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये घेता आली तर बघा. पुळणीवर नेलीत तर त्याच दिवशी कंडेन्सरवर गोडं पाणी मारा. एरवीही आठवड्यातून एकदा मारत जा.

थर्मामीटरचे तीन आकडे लिहून ठेवा: 1500 फेऱ्यांवर, आयडलवर आणि कंडेन्सरवर पाणी टाकल्यावर. गेज लावाल तेव्हा एसी चालू असतानाचे लो-हाय दोन्ही आणि त्या वेळचं बाहेरचं तापमान. एवढं कळवलंत की कंडेन्सर मागवायचा की नुसता पंखा, हे मी सांगू शकेन.